मामींचा दुभाष्या

मामींनी माझ्या ताटात गरम चपाती टाकली, वर शेंगदाण्याची चटणी ठेवली, स्वतःचं ताट घेऊन माझ्यासमोर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "जेवा जावईबापू, लाजू नका." आणि पंगतीतल्या सगळ्या बायका उठून पळाल्या.

पळाल्या म्हणजे खरोखरच पळाल्या. कोणी तोंडावर कापड ओढलं, कोणी लेकराला काखोटीला मारलं, एकीची तर चप्पल तिथंच राहिली. बघता बघता चर्चपुढचं अंगण मोकळं झालं. उरलो आम्ही दोघं, चपात्यांचा डबा आणि ती एकटी चप्पल.

मामींचा घास हातातच राहिला. "काय झालं हो? चटणी तिखट झाली का?"

"अजून कोणी चाखलीच नाही, मामी."

"मग साप निघाला का?"

मी उगाच मांडीखाली बघितलं. साप कुठला! चर्चच्या दारात मात्र लिडियाबाई डोक्याला हात लावून उभी होती. लिडियाबाई म्हणजे तिथल्या पाळकांची बायको. अंगानं भरलेली, हसरी, इंग्रजी झकास बोलणारी बाई. आता तिच्या तोंडावरचं हसू पार गेलं होतं.

हे घडलं केनियात. पश्चिमेकडचं एक खेडं. तांबडी माती, डोक्याइतका वाढलेला मका आणि मधोमध पत्र्याचं छप्पर घातलेलं चर्च. आमची मंडळी श्रीरामपूरजवळची. या केनियातल्या मंडळीशी आमचं जुनं नातं होतं. इथून पत्रं जायची, तिथून यायची, एकमेकांसाठी प्रार्थना व्हायच्या. एका वर्षी आमच्या पाळकसाहेबांनी उपासना संपल्यावर जाहीर केलं की यंदा नुसती पत्रं नाहीत, माणसं जाणार. तरुण मुलं तिथल्या शाळेचं छप्पर घालतील आणि कोणीतरी बायकांना शिवण शिकवायला हवं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आमच्या सासूबाईंचा हात वर.

"सगुणाबाई, या वयात विमानाचा प्रवास झेपेल का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"का? विमान मला चालवायचंय का?" मामी म्हणाल्या. आख्खी मंडळी हसली आणि मामींचं नाव लागलं.

सासूला मी मामी म्हणायचो. आमच्याकडे तशीच पद्धत. नवऱ्याच्या मागं शिलाई मशीनवर दोन लेकरं वाढवलेली बाई. गावातल्या निम्म्या मुलींना कटिंग त्यांनीच शिकवलेलं. इंग्रजीचं मात्र एक अक्षर येत नव्हतं. त्यावरही तोड त्यांनी तिथल्या तिथं काढली. "आमचे जावईबापू हायस्कूलला इंग्रजीच शिकवतात की. ते येतील." मला कोणी विचारलंच नाही. मी मागच्या बाकावर बसलो होतो. सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि मी मान डोलावली. मामींपुढं दुसरं काही करता यायचं नाही.

म्हणून मी तिथं दुभाष्या होतो. मामी मराठीत सांगायच्या, मी ते इंग्रजीत लिडियाबाईला सांगायचो, ती बायकांना त्यांच्या भाषेत सांगायची. मामींचं बोलणं हे एवढं लांब. "बायांनो, कापड आडवं धरलंत तर पहिल्या धुण्यातच सदरा आखडेल आणि पोरगं शाळेत जाऊन रडेल, माझ्या सामसनचं असंच झालं होतं." मी त्यातला सामसन, म्हणजे माझा मेव्हणा, गाळायचो. लिडियाबाई आणखी काही गाळायची. बायकांपर्यंत पोचायचं एवढंच, की कापड उभं धरा. पण मामी हातवारे असे करायच्या की रडणारं पोरगंही त्यांना दिसायचं. दोन दिवसांत बायका मामींच्या मागं मागं फिरायला लागल्या होत्या. स्वतःच्या पोरांचे शाळेचे गणवेश त्या स्वतः शिवणार होत्या. त्या आनंदातच मामींनी तिसऱ्या दिवशी सगळ्यांना आपल्या पद्धतीची पंगत घालायचं ठरवलं.

ताटं वाढत असताना फिबी आजींनी विचारलं, हा माणूस तुझा कोण? फिबी आजी म्हणजे त्या मंडळीतली सगळ्यात म्हातारी बाई. वाळक्या खारकेएवढी, पण तिच्या शब्दाबाहेर कोणी जायचं नाही. आत्तापर्यंत सगळ्यांनी मला मामींचा मुलगाच धरलं होतं.

मामींनी छाती फुगवून सांगितलं, "जावई आहे माझा. आमच्याकडे जावयाचा मान फार मोठा. थांबा, दाखवतेच." आणि मग ती चपाती, ती चटणी आणि ते समोर बसणं.

"चूक माझी झाली," लिडियाबाई जवळ येऊन म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, मामींकडेही बघत नव्हती. मधल्या डब्याकडे बघून बोलत होती. "तुम्ही बोललात आणि मी विचार न करता त्यांना सांगून टाकलं."

"पण झालं काय?"

"आमच्या इथं सासू आणि जावई एकमेकांचं तोंड बघत नाहीत. रस्त्यात समोरासमोर आले तर एकानं मक्यात शिरायचं. आणि एकत्र बसून जेवणं..." तिला पुढचं सांगवेना. "यात राग नाही हो, मान आहे. जिनं तुमच्या बायकोला जन्म दिला तिच्यासमोर तोंड उघडून घास चावायचा म्हणजे आमच्या लोकांना कसंतरीच वाटतं."

मी मामींना मराठीत सांगितलं. मामी ऐकता ऐकता उठून उभ्या राहिल्या.

"मग जावयाला वाढतं कोण?"

मी विचारलं. लिडियाबाई म्हणाली, "त्याची बायको. नाहीतर मेव्हण्या."

"आणि सासू काय करते?"

"आत बसून रांधते आणि बाहेर पाठवते."

"म्हणजे चुलीपुढं शिजायचं तिनंच, आणि जावई पोटभर जेवलेला बघायचा मात्र नाही? कमाल आहे बाई!" मामींनी हातातला घास ताटात टाकला. "आमच्याकडे ते बघण्यासाठी तर सगळा खटाटोप!"

लिडियाबाईनं तोडगा सुचवला. उद्या ती बायकांना सांगेल, की सांगण्यात गफलत झाली, हा मुलगाच आहे. सगळं पुन्हा सुरळीत होईल. मला ते पटलं. मामींना नाही.

"चर्चच्या दारात उभी राहून खोटं बोलू? एवढा समुद्र ओलांडून आले ते यासाठी? सांगा तिला, जमायचं नाही."

आता इथं थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर माझा जीव का टांगणीला लागला होता ते कळायचं नाही.

माझी बायको करुणा, मामींची एकुलती एक मुलगी, काविळीनं गेली. आम्हाला मूलबाळ नव्हतं. सांत्वनाला आलेली माणसं आपापल्या गावी गेली त्या दिवशी मामी मला म्हणाल्या, "रात्री जेवायला इकडं यायचं. तुमच्या हातचं खाऊन तुम्हीही टिकायचे नाही." तेव्हापासून रोज रात्री मी त्यांच्याकडे जेवायचो. करुणाचा विषय आम्ही दोघंही काढायचो नाही. मामी वाढायच्या, गावातल्या बातम्या सांगायच्या, कोणाच्या ब्लाउजचा गळा कोणामुळं बिघडला ते सांगायच्या. मी जेवायचो आणि घरी जायचो. खरं सांगतो, त्या तासाभराच्या आधारावर मी दिवस काढत होतो.

आणि मग दहावीचे पेपर तपासायच्या केंद्रावर माझी प्रमिला भांबळशी ओळख झाली. नेवाशाला शिकवायची. तिचाही नवरा गेलेला. हळूहळू बोलणं वाढलं, आणि नाताळाच्या आसपास मी तिला विचारलं. ती हो म्हणाली, पण एक अट घातली. "तुमच्या सासूबाईंना तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगायचं. त्यांच्यापासून लपवून मी येणार नाही. केनियाहून परत याल तेव्हा सांगून झालेलं असू द्या. नसेल, तर आपला विषय तिथंच संपला."

मी विमानात सांगायला गेलो, तर मामी पट्टा बांधून डोळे मिटून मोठमोठ्यानं प्रार्थना करत होत्या. नैरोबीत सांगायला गेलो, तर त्यांना बाजारात कापडाचं दुकान दिसलं. सबबी हो सगळ्या! खरी गोष्ट अशी, की मला भीती वाटत होती. मुलगी गेलेली; आता जावयानं दुसरी बायको आणली, तर मी त्यांचा कोण उरतो? मुलगी नाही, मग जावई कसला? त्या एवढंच म्हणतील, 'बरं झालं, सुखी राहा', आणि दुसऱ्या दिवसापासून माझं ताट वाढलं जाणार नाही. प्रमिलाला हो म्हणायचं तर मामी जाणार, मामींना धरून राहायचं तर प्रमिला जाणार, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. परत निघायचा दिवस तर जवळ येत होता.

पंगतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिवणवर्गाला कोणीच आलं नाही.

चर्चमध्ये हातमशिनी ओळीनं मांडलेल्या. प्रत्येकीपुढं अर्धवट शिवलेला सदरा घडी घालून ठेवलेला. मामी एकेक सदरा उचलून बघत होत्या. मी दाराबाहेर ओसरीवर बसलो होतो. आत जाऊ की नको तेच कळत नव्हतं.

"बटणपट्ट्या राहिल्या हो यांच्या," मामी आतून म्हणाल्या. "पट्टी लावली नाही तर सगळं केलेलं वाया."

"येतील मामी. पाळकांना बोलू द्या त्यांच्याशी."

"तुमचा दोष नाही यात. मलाच मिरवायचं होतं." त्या दारापर्यंत आल्या. "माझा जावई बघा, माझा जावई बघा! चांगलं तोंडावर पडले."

त्यांचे डोळे भरून आले होते. मामींना रडताना मी त्याआधी एकदाच बघितलं होतं, करुणाच्या मातीच्या दिवशी. वाटलं, आत्ताच सगळं सांगून टाकावं. पण रडणाऱ्या बाईला आणखी रडवायची माझी छाती झाली नाही.

तेवढ्यात मक्यातून फिबी आजी येताना दिसल्या. मागं लिडियाबाई आणि तिच्यामागं कालच्या सगळ्या बायका. अंगणात आल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. एवढ्या सगळ्या रंगीबेरंगी पाठी आमच्यासमोर! मामी मला हळूच म्हणाल्या, "फोटो काढायला आल्यात का?" तेवढ्यातही त्यांना हे सुचत होतं.

फिबी आजी पाठमोऱ्याच बोलायला लागल्या. लिडियाबाई मला इंग्रजीत सांगत गेली आणि मी मामींना मराठीत.

"आजी विचारताहेत, तुमची मुलगी कुठाय? नवरा इथं आणि ती का नाही आली?"

मामी ओसरीच्या कडेला आल्या. मग म्हणाल्या, "सांगा. जे आहे ते सांगा."

मी सांगितलं. लिडियाबाईनं ते त्यांच्या भाषेत सांगितलं, तशा सगळ्या पाठी एकदम खाली वाकल्यासारख्या झाल्या. कोणीतरी "ऊं" असा लांब आवाज काढला. फिबी आजी वळल्या आणि पहिल्यांदा मामींकडे नीट बघितलं. माझ्याकडे नाही.

"हे आधी सांगायचं होतं," आजी म्हणाल्या. "माझ्याही दोन गेल्या."

मामींनी पुढं होऊन त्यांचा हात धरला. दोघी म्हाताऱ्या तशाच उभ्या राहिल्या.

मग आजींनी त्यांच्याकडची रीत सांगितली. मुलगी मेली की तिची आई एक दिवस चार बायकांना बोलावते आणि जावयाचं काय ते ठरवते. एक तर त्याला मोकळा करते. तो आपल्या माणसांत परत जातो आणि पुन्हा तिच्या दारात येत नाही. नाहीतर त्याला आपला मुलगा म्हणते. मुलगा म्हटलं की मग लपणं नाही, तोंड झाकणं नाही; तो तिच्यासमोर खुशाल जेवू शकतो. दोन्हींपैकी काय ते आईनं आपल्या तोंडानं, सगळ्यांदेखत सांगायचं.

"हिनं ते केलंय का?" आजींनी विचारलं.

"आमच्याकडे तशी काही रीत नाही," मी मामींचं उत्तर सांगितलं.

आजींनी मान हलवली. म्हणजे ते काम तसंच लोंबकळत राहिलंय, असं त्यांचं म्हणणं दिसलं. मग त्या मला उद्देशून, पण माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत, काहीतरी म्हणाल्या. लिडियाबाईनं जरा संकोचून सांगितलं, "त्या तुम्हाला विचारताहेत. दुसरी कोणी बाई ठरली आहे का? ठरवताना आईला हे माहीत असावं लागतं."

मामी शेजारी उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं. मी नाही म्हणू शकत होतो, कोणाला पत्ता लागला नसता. पण फिबी आजी अशा काही उभ्या होत्या, की नाही म्हणवेना. शिवाय इतक्या लांब, परक्या भाषेत बोललं की ते बोलणं आपलं नसतंच, असंही वाटत असावं. मी खालच्या आवाजात लिडियाबाईला म्हणालो, "आहे एक. पण यांना माहीत नाही. मला सांगायची भीती वाटते."

झालं! लिडियाबाईनं ते बायकांना सांगितलं, आणि कालपासून गप्प असलेल्या त्या बायकांनी जीभ हलवून लु-लु-लु-लु असा एकच आनंदाचा कल्ला केला. एकीनं टाळ्या वाजवल्या. दुसरी जागच्या जागी नाचली.

"काय झालं?" मामींनी विचारलं. "कशाला एवढ्या आनंदल्या?"

"काही नाही, मामी. नंतर सांगतो."

"नंतर का? तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"ते... ते जरा लांबड आहे."

"जावईबापू," मामी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्ही इथं दुभाषे म्हणून आलाय. या परमुलखात मला तुमच्याशिवाय काही कळत नाही. तुम्हीच चोरून ठेवायला लागलात तर मी कोणाच्या तोंडाकडे बघायचं? काय बोललात ते मराठीत सांगा. शब्दन् शब्द."

मग मी सांगितलं. शब्दन् शब्द. "मी म्हणालो, आहे एक. पण यांना माहीत नाही. मला सांगायची भीती वाटते."

मामी आत गेल्या आणि एका मशीनपुढच्या बाकावर बसल्या. अंगणातला कल्ला विरला. बायकांना शब्द कळले नव्हते, पण बाकी सगळं कळलं असावं. मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो.

"कोण आहे?" मामींनी विचारलं.

"नेवाशाला शिक्षिका आहे. भांबळांची. चांगली आहे, मामी. तिनंच सांगितलं, आधी तुम्हाला सांगायचं म्हणून. नाहीतर येणार नाही म्हणाली."

"कधीपासून आहे हे?"

"नाताळापासून."

"नाताळापासून!" मामी उसळल्या. "म्हणजे एवढे महिने रोज माझ्या पुढ्यात बसून, खाली मान घालून, न बोलता गिळत होतात ते यासाठी? आणि मला वाटायचं, माझ्या आमटीला चव राहिली नाही! मी मसाला बदलून बघितला. दोनदा बदलला! त्या गिरणीवाल्या कुसुमच्या दळणाला नावं ठेवली मी गावभर!"

मला हसावं की रडावं कळेना. "चुकलं, मामी," एवढंच म्हणालो.

बाहेरून लिडियाबाई काहीतरी म्हणाली. आजींना उत्तर हवं होतं. आणि आजींनी आणखी एक सांगितलं होतं, तेही मी मामींपर्यंत पोचवलं. मामींनी मला मुलगा म्हटलं, तर जी नवी येईल ती त्यांची सून होईल. तिच्यावर त्यांचा हक्क राहील, म्हातारपणी ती त्यांना बघेल. आणि शिवणवर्ग आत्ताच्या आत्ता सुरू होईल, कारण मुलानं आईजवळ बसायला कोणाची हरकत असणार?

माझा जीव भांड्यात पडला. एका शब्दात सगळं जुळत होतं की! वर्ग, प्रमिला, माझं ताट, सगळंच. "मामी," मी म्हणालो, "तुम्ही म्हणून टाका, मुलगा आहे म्हणून. आता ते खोटंही होणार नाही."

मामींनी डोळे पुसले, पदर सावरला आणि बाहेर ओसरीवर आल्या. सगळ्या बायका बघत होत्या.

"सांगा त्यांना," मामी म्हणाल्या, "मला मुलगा नको."

लिडियाबाई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"सांगा की! आता दुभाष्याची जीभ अडली का?"

मी सांगितलं. लिडियाबाईनं पुढं सांगितलं. म्हणजे मोकळा केला, संपलं, असंच सगळ्यांनी धरलं. मीही तेच धरलं.

"मुलगा आहे मला," मामी पुढं बोलायला लागल्या. "पुण्याला असतो. बायकोनं नंबर लावून दिला तर फोन करतो. आणखी एक मुलगा घेऊन मी काय करू? आणि सून काय करायचीय मला? एक आहे, ती वर्षातून दोनदा येते आणि माझ्या घरातलं पाणीसुद्धा उकळून पिते." त्या थांबल्या. "माझी लेक गेली. मला मुलगा नको, सून नको. माझा जावई मी जावई म्हणून इथं आणलाय आणि जावई म्हणूनच घरी नेणार. त्याची बायको कोण असते? सासूची लेक असते. सांगा त्यांना, जी येईल ती माझी लेक म्हणून येईल. तिचं लग्न मी लावीन, माझ्या दारातून. बाळंतपण झालंच तर तेही माझ्याकडेच होईल. मला लेक हवी आहे."

मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं. 'शी वॉन्ट्स' इथपर्यंत आलो आणि पुढं जमेना. वर्गात मुलांना इतकी वर्षं इंग्रजी बोलायला लावलं, आणि एक वाक्य पुरं होईना. लिडियाबाई म्हणाली, "सावकाश. घाई नाही." मी पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडलो, आणि कसंबसं शेवटापर्यंत पोचवलं. लिडियाबाईनंही सांगताना मध्ये दोनदा नाक पुसलं.

फिबी आजींनी हे सगळं ऐकलं. एकदा लिडियाबाईला पुन्हा सांगायला लावलं. मग त्या हसायला लागल्या. दात नव्हते, सगळी वाळकी काया गदगद हलत होती. असं आजवर कोणी मागितलं नव्हतं, त्या म्हणाल्या. पण मागायला काय हरकत आहे? मेलेल्या मुलीच्या जागी मुलगी मागणाऱ्या आईला नाही कोण म्हणणार?

"पण एक आहे," आजींनी बोट वर केलं. "जावई ठेवायचा असेल तर रीत पाळावी लागेल. इथं असेपर्यंत तरी. त्यानं भिंतीबाहेर बसून खिडकीतून सांगायचं, तू आत बसून शिकवायचं. जेवण वेगवेगळं. आणि तू डोकं झाक, बाई! सगळ्यांदेखत जावयासमोर उघड्या तोंडानं उभी आहेस, लाज नाही वाटत?"

हे मी मामींना सांगतोय तोवर आजींनी आपल्या खांद्यावरचं छापील कापड काढलं, तांबडं, मोठ्या पिवळ्या फुलांचं, आणि टाचा उंचावून मामींच्या डोक्यावरून तोंडावर टाकलं. बायकांनी पुन्हा लु-लु-लु सुरू केलं. दोघीतिघींनी मामींना धरून आत नेलं. मशिनींची चाकं गरगरायला लागली. लिडियाबाईनं मला खांद्याला धरून वळवलं आणि चर्चच्या मागच्या खिडकीबाहेर एका लाकडी ओंडक्यावर बसवलं, आतल्या बाजूला पाठ करून. समोर नुसता मका आणि तांबडी वाट.

आत मामी म्हणत होत्या, "बटणपट्टी. हां, आधी घडी. सांगा!" मी मक्याकडे तोंड करून इंग्रजीत सांगत होतो. लिडियाबाई आत सांगत होती. थोडा वेळ तसं चाललं. मग मामींचा आवाज खिडकीजवळ आला. कापडामुळं जरा घुसमटल्यासारखा.

"जावईबापू, ऐकताय ना?"

"हो, मामी."

"मागं बघू नका. रीत आहे इथली."

"नाही बघत."

"मघाशी एवढं सगळं बोलले मी, आणि विचारायचंच राहिलं बघा. माझ्या लेकीचं नाव काय?"

"प्रमिला," मी म्हणालो.

"मोठ्यानं सांगा हो, मशिनींच्या आवाजात काही ऐकू येत नाही."

एवढे महिने जे नाव मामींच्या घरात श्वासातसुद्धा घेतलं नव्हतं, ते मी मक्याकडे तोंड करून, सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं.